पवनीचा तट आणि टेकडी

भंडाऱ्याच्या दक्षिणेस वैनगंगेच्या कांठीं पवनी हें गांव आहे. तालुक्याचें ठिकाण म्हणून व गोसीखुर्दच्या धरणाच्या शेजारामुळें त्याचें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु ज्यास इतिहासाची आवड आहे त्यानें हें गांव मोटारींतून पाहूं नये, पायींच हिंडावें. आम्हांस वाट दाखविण्यास गांवांतीलच एक वृद्ध शिक्षक आले होते. त्यांनीं आम्हांस वेशींतून आंत न नेतां आधीं तटाच्या बाहेरून फिरविलें, आणि त्यांत त्यांची रसिकता दिसून आली.

कारण पवनीचा विस्तार बाहेरूनच ध्यानांत येतो. तीन बाजूंस मातीचा तट व त्याच्या पायथ्याशीं खंदक. चौथ्या बाजूस नदी. किल्ला म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचा काळा कडा उभा राहतो. येथें कडा नव्हता, तेव्हां लोकांनीं मातीचाच डोंगर रचिला. दगडी दरवाजा मागाहूनचा. माती त्याहून कित्येक शतकें जुनी. प्रवासी मात्र दरवाजापाशींच थबकतो, कारण दगड डोळ्यांत भरतो आणि माती ही मातीच वाटते.

तटाबाहेर जगन्नाथाची टेकडी आहे. १९६९–७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं मिळून, डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखालीं, ती खणली. तेव्हां जगन्नाथाच्या नांवाखालीं बुद्धाचा स्तूप निघाला! स्तूपाभोंवतीं दगडी वेदिका होती. तिच्यावर दान देणाऱ्या स्त्रीपुरुषांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. एका स्तंभावर मुचलिंद नाग फणा उभारून आहे. खालीं आसन रिकामें. त्या काळीं बुद्धाची मूर्ति घडवीत नसत, रित्या आसनावरून भक्तानें जाणावयाचें. पावसांत भगवंतावर छत्र धरणाऱ्या या नागाची कथा कोरणाऱ्यास वैनगंगेचा पावसाळा ठाऊकच असणार.

"देवाचं नांव होतं जी, म्हणून टेकडी राहिली," असें आमचे मार्गदर्शक म्हणाले. आम्हांस हें बरेंचसें पटतें. धर्म विसरला, भिक्षु गेले, लिपि वाचणारा कोणी उरला नाहीं. पण ती जागा पवित्र आहे एवढी आठवण निराळ्या नांवानें टिकली. विद्वान कुदळ घेऊन येईपर्यंत राखण केली ती त्या नांवानें.

तटास मात्र देवाचें नांव नाहीं. त्याच्या उतारावर घरें चढलीं आहेत. वाटेसाठीं तो मध्येंच कापला आहे. माती ही कोणाच्याहि उपयोगी पडणारी वस्तु, आणि ज्यास राहावयास जागा हवी त्यास मौर्य-सातवाहनांची थोरवी सांगून काय उपयोग? तरी आम्हांस इटलींतील व्होल्तेर्रा हें डोंगरावरचें प्राचीन नगर आठवलें. तेथें एत्रुस्कन लोकांच्या वेळची वेस आहे. १९४४ च्या जूनमध्यें माघार घेणारें जर्मन सैन्य ती उडविणार, असें कळतांच गांवकऱ्यांनीं रस्त्यावरचे फरसबंदीचे दगड उखडून एका दिवसांत ती वेस चिणून टाकली, आणि ती वांचली. त्या गांवकऱ्यांत पुराणवस्तुशास्त्रज्ञ किती असतील? वेस रोजच्या जाण्यायेण्याची होती, म्हणून आपली होती. पवनीच्या मुलांस शाळेंत अशोक शिकवितात. शाळेमागच्या तटाविषयीं चार ओळी शिकवाव्या, असें त्या वृद्ध गृहस्थांस फार वाटत होतें.

उन्ह उतरूं लागलें तेव्हां आम्ही घाटावर आलों. पवनीचे घाट व मंदिरें यांमुळें तिला विदर्भाची काशी म्हणतात. आम्हांस उपमा जरा मोठी वाटते, परंतु संध्याकाळीं त्या पायऱ्यांवर बसल्यावर वाद घालण्याची इच्छा राहत नाहीं.

येथेंच सांपडलेला एक छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, नागपूरच्या अजब बंगल्यांत आहे. त्यावर रुपिअम्म नांवाच्या महाक्षत्रप कुमाराचा उल्लेख आहे. क्षत्रपांचें नांव पश्चिम किनाऱ्यापासून इतक्या दूर पूर्वेस दगडावर कोरलेलें पाहून कोणासहि नवल वाटेल. वाचकांनीं आधीं पवनी हिंडावी व परततांना नागपुरास तो स्तंभ पाहावा. उलट क्रमानें पाहिल्यास तो नुसता दगड वाटेल.