लाकडाची साक्ष

सागवानाच्या ओंडक्याचा आडवा काप न्याहाळला, तर त्यात बारीक छिद्रे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. ती असतात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची तोंडे. एकावर एक रचलेल्या पेशींमधले आडपडदे विरून अशी नळी बनते. देवदारात मात्र नळ्या नाहीत; तेथे पाणी बंद टोकांच्या लांबट पेशींतून, एकीतून दुसरीत झिरपत चढते.

एवढ्याशा भेदातून वनस्पतींची वंशावळ वाचता येईल काय? हार्वर्ड विद्यापीठाचे आयर्विंग बेली यांनी १९१८ पासून या पेशींच्या लांबीचा अभ्यास करून एक क्रम मांडला: आधी लांब बंद पेशी, पुढे नळ्या, आणि त्या नळ्यांचे घटक उत्तरोत्तर आखूड. हा प्रवास उलटा होत नाही, असे त्यांचे मत होते. फुलांच्या रूपावरून आखलेली नाती पडताळण्यास यामुळे एक स्वतंत्र साक्षीदार लाभला.

पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलिडोनिया बेटावर अँबोरेला नावाचे एक झुडूप आहे. फुले इवलीशी, दिसण्यात काही विशेष नाही. त्याला पूर्वी ज्या कुळात बसवले होते, त्यातील झाडांना नळ्या आहेत. १९४८ साली बेली आणि त्यांचे भारतीय सहकारी बी. जी. एल. स्वामी यांनी दाखवून दिले की, अँबोरेलाच्या लाकडात नळ्याच नाहीत! त्याच वर्षी या झुडुपाला स्वतंत्र कुळही मिळाले. हे स्वामी म्हणजेच पुढे १९७८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे कन्नड लेखक, हे आपण ध्यानात ठेवावे.

१९९९ साली अनेक प्रयोगशाळांनी डीएनएच्या आधारे निर्वाळा दिला: सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावरून सर्वांत आधी वेगळी झालेली जिवंत शाखा अँबोरेलाचीच. लाकडाची साक्ष खरी ठरली, असे कोणीही म्हणेल.

परंतु उलटतपासणी अजून व्हायची होती. विंटेरा कुळातील झुडुपांनाही नळ्या नाहीत. म्हणून त्यांनाही फार प्राचीन मानले जाई. डीएनएने मात्र त्यांना नळ्या असलेल्या कुळांच्या मधोमध नेऊन बसवले. त्यांच्या पूर्वजांनी नळ्या गमावल्या असाव्यात, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे प्रवास उलटाही होऊ शकतो.

आम्हांला यातून एवढेच घ्यावेसे वाटते: लाकूड खोटे बोलत नाही. परंतु दोघांजवळ एखादी वस्तू नाही, एवढ्यावरून ते भाऊबंद ठरत नाहीत. एकाला ती मुळात मिळालेलीच नसते, दुसऱ्याने ती हरवलेली असते.