रुंद अक्षरांची कुळकथा

महाप्याच्या एका संगणक-कचेरीत मी बरीच वर्षे प्रोग्रॅम तपासण्याचे काम केले, आणि त्यातही डीबगर नावाचा प्रोग्रॅम तपासण्याचे. वैद्याचीच नाडी पाहण्याचे काम म्हणा ना! डीबगर चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवतो आणि ‘तुझ्या अमुक कप्प्यात या क्षणी काय आहे?’ असे विचारून जे असेल ते आपल्यापुढे मांडतो. कप्प्यात ‘दिवाळी’ हा शब्द असेल तर त्याने ‘दिवाळी’च दाखवावे, एवढीच काय ती अपेक्षा. पण रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या ‘जी. डी. बी.’ या जगप्रसिद्ध डीबगराला ही साधी अपेक्षा नीट पुरी करावयास २००९ साल उजाडावे लागले. या विलंबामागे दोनशे वर्षांची कथा आहे, ती फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या ऐकावी.

यंत्र आणि आपली लिपी यांचे पहिल्यापासून फारसे जमले नाही. १८०५ साली विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण बंगालात श्रीरामपूरला छापले गेले, तेव्हापासून जुळाऱ्यांचे हाल सुरू झाले. इंग्रजीची सव्वीस अक्षरे. आमची अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांना शेकडो घरे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने हा पसारा इतक्या देखण्या रीतीने सांभाळला की त्यांची पुस्तके आजही हातात घ्यावीशी वाटतात. परंतु पुढे टंकलेखनयंत्र आले. त्याच्या कळा मोजक्या. झाले! यंत्र लहान म्हणून लिपीनेच अंग चोरावे, असे शहाण्यासुरत्यांनाही वाटू लागले. सावरकरांनी ‘इ’, ‘उ’ यांना रजा देऊन ‘अ’लाच वेलांटी-उकार लावण्याचा पुरस्कार केला, आणि किर्लोस्करांची मासिके तशी छापलीही गेली. १९५३ साली लखनौच्या परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवावी असे ठरले. ते लोकांनी मानले नाही, हे माझ्या मते बरेच झाले. त्या सुधारकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण टोपी बसत नाही म्हणून डोके तासावे, असा तो प्रकार होता.

संगणक आला तोही अशीच अरुंद टोपी घेऊन. त्याच्या एका बाइटात २५६ खुणा मावतात, आणि त्यांतल्या पहिल्या १२८ इंग्रजीने आधीच बळकावलेल्या. उरलेल्या निम्म्या जागेत भारतीय लिप्या बसविण्याचे ‘इस्की’ नावाचे मानक १९९१ साली ठरले. ते चांगले होते, पण व्यवहारात ज्याने त्याने आपापल्या फॉन्टची वेगळीच वहिवाट घातली, आणि एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की भुताटकी! त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने जगातल्या अनेक लिप्यांना स्वतंत्र आळी दिली, आणि देवनागरीला मिळाली १२८ घरांची. खिळ्यांची घरे शेकडो होती, मग इतक्या थोड्यात भागले कसे? तर जोडाक्षरांना वेगळे घरच नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन बिऱ्हाडे ओळीने, आणि त्यांचे एक चित्र करण्याची जबाबदारी पडद्याची. मौजेची गोष्ट अशी की ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या पोटात व्यंजनाच्या मागूनच येते, आणि पडद्यावर मात्र ती मुकाट्याने डावीकडे जाऊन बसते. लखनौचा प्रश्न लिपीला हात न लावता सुटला.

ही चित्रे घडविण्याचे काम आपल्याकडेही झाले. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, ज्याचा व्याप सी. बी. डी. बेलापुरातही होता आणि जे पुढे सीडॅकमध्ये विलीन झाले, सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडविला. त्याच केंद्रात लिनक्सला भारतीय लिप्या शिकविणारा ‘इंडिक्स’ प्रकल्पही झाला.

आता मुद्द्याची गोष्ट. एका बाइटात अक्षर मावेना, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ‘रुंद अक्षर’ काढले. विंडोजवर ते दोन बाइटांचे, लिनक्सवर चार. डीबगराला ही रुंदी ठाऊक नसेल तर काय होते? दोन बाइटांतली ‘दिवाळी’ तो एकेक बाइट सुटा करून वाचतो, आणि पडद्यावर येते ते असे: आधी ‘आणि’ या अर्थाचे इंग्रजी चिन्ह, मग प्रश्नचिन्ह, मग पाचाचा आकडा, मग ‘मोठे’ दाखविणारी खूण, मग तीन, शेवटी ईमेलच्या पत्त्यातले ‘ॲट’, आणि प्रत्येकापुढे एकेक टॅब. चार बाइटांतली तर त्याहून दुर्दैवी. पहिले चिन्ह, एक टॅब, की लगेच शून्य लागते. शून्य म्हणजे शब्द संपला असे तो समजतो, आणि अख्खी दिवाळी ‘द’च्या दारातच आटोपते. साध्या बाइटांत ठेवलेल्या मराठीचीही तीच गत. आपला लाडका ‘ळ’ म्हणजे ३४०, २४४, २६३ असे तीन आकडे, आणि जुना जी. डी. बी. तेच तोंडावर फेकीत असे.

ऑक्टोबर २००९ मध्ये जी. डी. बी.ची सातवी आवृत्ती निघाली आणि तीत रुंद अक्षरे ओळखण्याची सोय झाली. योगायोग पाहा, पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा आणि ‘ल’, ‘श’ यांच्या मराठी वळणांचा निर्णय काढला. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

एवढ्याने आमचे काम संपले मात्र नाही. २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, युनिकोडने मोडीला जागा दिली. ज्या लिपीत पेशवे दफ्तर लिहिले गेले तिला संगणकात घर मिळाले. पण तोवर जवळची आळी भरून गेलेली, म्हणून ते मिळाले वेशीबाहेर. दोन बाइटांच्या रुंद अक्षरात मोडीचा ‘अ’ एका कप्प्यात मावतच नाही, त्याची दोन अर्धुके करून शेजारशेजारच्या कप्प्यांत ठेवावी लागतात. सुटे पाहिले तर एकाही अर्धुकाला अर्थ नाही. तेव्हापासून माझी एक ठरलेली परीक्षा असे. कप्प्यांत मोडीचा ‘अ’ ठेवावयाचा, प्रोग्रॅम थांबवावयाचा आणि डीबगरला विचारावयाचे. यंत्रावर मोडीचा फॉन्ट नसेल तर पडद्यावर अक्षराच्या जागी नुसता रिकामा चौकोन उमटतो. तो दोष डीबगराचा नव्हे. चौकोन एक आहे की दोन, एवढेच मोजावयाचे. एक असेल तर पास.