रात्रीच्या पाण्याला कोणती बॅटरी घ्यावी? चार्जिंगची छोटी टॉर्च निवडताना पाहायच्या गोष्टी

जळगाव/धुळे (प्रतिनिधी) : शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की गहू, हरभरा, मका, कांद्याला पाणी भरायला मध्यरात्री बांधावर जावंच लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पाही आला. पण ज्या फीडरवर अजून रात्रीचीच पाळी आहे, तिथल्या शेतकऱ्याला हातातली बॅटरी ही चैन नाही. पाय कुठं पडतो, हे तीच दाखवते.

आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. पूर्वी दोन सेलची, तीन सेलची पत्र्याची बॅटरी घरोघरी असायची. आता खिशात मावणारी, मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारी एलईडी टॉर्च आली आहे. बाजारात शंभर प्रकार आहेत आणि खोक्यावर वाट्टेल ते आकडे छापलेले असतात. त्यातून कामाची कशी ओळखायची, ते या लेखात पाहू.

मोबाईलचा टॉर्च का पुरत नाही

मोबाईलचा उजेड जवळच्या जवळ पसरतो, आठ-दहा पावलांपुढे काही दिसत नाही. एक हात त्यात अडकतो, ओल्या हातातून मोबाईल दांडात पडायची भीती वेगळीच. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टॉर्च लावून ठेवला की मोबाईल उतरतो. रात्री शेतात काही झालं तर १०८ ला किंवा घरी फोन कशावरून लावणार? मोबाईल फोनसाठी राखून ठेवा, उजेडासाठी वेगळी बॅटरी घ्या.

ल्युमेन म्हणजे काय, किती लागतात

टॉर्चमधून एकूण किती उजेड निघतो, त्याचं माप म्हणजे ल्युमेन. कामाप्रमाणे साधारण अंदाज असा :

- घरात लाईट गेल्यावर, रात्री उठताना : १० ते ३० ल्युमेन
- बांधावरून, पाऊलवाटेने चालताना : १०० ते २०० ल्युमेन
- ठिबकचे व्हॉल्व, नळ्या, दांड फुटला का ते पाहताना : २०० ते ३००
- लांबवर नजर टाकायची असेल, केळीच्या बागेत आवाज आला तर : ५०० च्या पुढे, तेही थोडा वेळ

म्हणजे रोजच्या कामाला हजार-दोन हजार ल्युमेन लागत नाहीत. कमी, मध्यम, जास्त असे तीन टप्पे असलेली टॉर्च घ्यावी. नुसती एकच भगभगीत लाईट असलेली लवकर उतरते.

उजेड लांब जाणं ही गोष्ट वेगळी. ती काचेमागच्या वाटीवर अवलंबून असते. खोल, गुळगुळीत वाटी असेल तर झोत लांब जातो, पण पायाजवळ अंधार राहतो. उथळ किंवा खडबडीत वाटी असेल तर उजेड पसरतो. बांधावर चालणाऱ्याला पसरणारा उजेड जास्त कामाचा, कारण धोका पायाशी असतो. खोक्यावर '२०० मीटर' लिहिलेलं असलं तरी ते माप पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड कुठपर्यंत पोहोचतो त्याचं असतं. नीट ओळखू येईल असं अंतर त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमीच धरा.

सेलचा हिशेब : इथेच फसवणूक होते

आजच्या बहुतेक चार्जिंग टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. त्याचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट.

या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते. सेलवर ६८०० किंवा ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा आहे, हे डोळे झाकून समजावं. असा सेल बऱ्याचदा हजार-बाराशेचाही भरत नाही. सेल निघत असेल तर वजन करून बघा. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. किराणा दुकानाच्या काट्यावर तो तीसच्या आत भरला तर परत करावा.

आता किती वेळ चालेल याचा हिशेब. २६०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे साडेनऊ वॅट-तास. एलईडीला १०० ल्युमेनसाठी साधारण एक वॅट लागतो. म्हणून :

- १०० ल्युमेनवर : आठ-नऊ तास
- ३०० ल्युमेनवर : तीन तासांच्या आसपास
- १००० ल्युमेनवर : तासभरही नाही, आणि टॉर्च तापते ती वेगळीच

एका सेलच्या छोट्या टॉर्चच्या खोक्यावर '२००० ल्युमेन, १० तास' असं दोन्ही एकदम लिहिलेलं असेल, तर दुकानदाराला हाच हिशेब मांडून दाखवा. चांगली कंपनी प्रत्येक टप्प्याचे ल्युमेन आणि तास वेगवेगळे लिहिते.

जुन्या पद्धतीची दोन पिनची टॉर्च

मागच्या बाजूला घडीची पिन असलेली, थेट बोर्डात लावायची टॉर्च अजूनही आठवडे बाजारात मिळते. तिच्यात बऱ्याचदा शिशाची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी असते. ती स्वस्त असते, पण जड. तिला उतरलेल्या अवस्थेत ठेवलं की ती बसते, पुन्हा चार्ज धरत नाही. घरात अशी टॉर्च असेल तर वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. नवीन घ्यायची तर लिथियमचीच घ्यावी.

चार्जिंगची सोय

मोबाईलचं टाईप-सी चार्जर चालेल अशी टॉर्च घ्या. एक वायर घरात, एक ट्रॅक्टरवर, काम भागतं. पण घेताना एक गोष्ट तपासा. काही स्वस्त टॉर्चना भोक टाईप-सीचं असतं, तरी दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या नव्या वायरवर त्या चार्जच होत नाहीत, जुनी चपटी यूएसबी वायरच लागते. दुकानातच लावून बघावं.

सेल बाहेर काढता येणारी टॉर्च जास्त चांगली. सेल काही वर्षांनी थकतोच. तो बदलता आला तर टॉर्च टिकते, नाहीतर सगळीच फेकावी लागते.

पाणी, चिखल आणि पडझड

खोक्यावर आयपीचा आकडा बघा. आयपीएक्स ४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील, पाऊस निभेल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. पाणी भरणाऱ्याला आयपीएक्स ७ किंवा आयपी ६७ घेतलेली बरी. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण घट्ट बसतं का तेही पाहा. पाणी आधी तिथूनच शिरतं.

उजेडाचा रंग

निळसर पांढरा उजेड डोळ्यांना जास्त वाटतो, पण त्यात माती, पाचोळा आणि साप एकाच रंगाचे दिसतात. धुक्यात आणि पावसात तो परत डोळ्यावर येतो. किंचित पिवळसर पांढऱ्या उजेडात रंग ओळखू येतात. वाळलेल्या केळीच्या पानांत बसलेली तपकिरी घोणस दिसणं न दिसणं यावरही ठरतं. दुकानात दोन टॉर्च शेजारी शेजारी लावून तळहातावर उजेड पाडून बघा. हात प्रेतासारखा फिकट दिसला तर ती ठेवून द्या.

साप आणि बिबट्या : बॅटरी काय करू शकते, काय नाही

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे मुख्य चार विषारी साप. मण्यार तर रात्रीच फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि तिथेच घात होतो. चालताना उजेड पुढच्या दोन-तीन पावलांवर ठेवा, लांब नाही. स्टार्टरच्या पेटीत, पाईपाच्या ढिगात, गोणपाटाखाली हात घालण्याआधी उजेड पाडा. मळ्यात झोपणार असाल तर अंथरूण झटकून, उजेडात पाहूनच अंग टाका. पायात बूट हवेतच.

दंश झालाच तर चिरा मारू नका, आवळून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. अंगठी, कडं काढा, दंशाचा भाग हलवू नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात पोहोचा.

यावल-चोपड्याच्या सातपुड्यात आणि चाळीसगावच्या गिरणा पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात माणसांवर झालेले हल्ले लोक विसरलेले नाहीत. टॉर्च हे बिबट्यावरचं हत्यार नाही. तिच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात, आपल्याला आधी कळतं, एवढंच. एकट्याने जाऊ नका, बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चला. दिसला तर मागे लागू नका, वाकू नका, हळूहळू मागे सरका आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

डोक्याला लावायची टॉर्च

स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व, जनावराचं बाळंतपण अशा कामांना दोन्ही हात लागतात. टॉर्च दातात धरून ओल्या जमिनीवर विजेची पेटी उघडणं म्हणजे जीवाशी खेळ. पट्ट्याची टॉर्च यासाठी उत्तम. पण उजेड असला तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय पेटीत हात घालायचा नाही.

उन्हाळ्यात जपा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लिथियम सेलला उष्णता सोसत नाही. मोटारसायकलच्या डिक्कीत, ट्रॅक्टरच्या सीटवर, पत्र्याच्या शेडमध्ये टॉर्च ठेवू नका. महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून सावलीत ठेवा. सेल फुगला, वास आला, चार्ज होताना जास्त तापला तर वापर बंद करा. तो चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानदाराकडेच द्या.

पावती घ्या, नंबर तपासा

लिथियम सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर आयएस १६०४६ आणि 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर टाकून खरा आहे का ते बघता येतं. जळगावच्या फुले मार्केटमध्ये घ्या, धुळ्याच्या आग्रा रोडला घ्या किंवा ऑनलाईन मागवा, बिल आणि वॉरंटीचा शिक्का मागाच. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

थोडक्यात, घेताना हे विचारा

१. तीन टप्पे आहेत का? १०० ल्युमेनवर किती तास?
२. सेल कोणता, किती एमएएचचा, बदलता येतो का?
३. माझ्या मोबाईलच्या वायरवर चार्ज होते का? लावून दाखवा.
४. आयपीचा आकडा किती?
५. ओल्या हाताने, अंधारात बटण सापडतं का? खिशात आपोआप तर लागत नाही?
६. बिल आणि वॉरंटी मिळेल का?

या सहा प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली तर मध्यम किमतीची टॉर्चही वर्षानुवर्षं साथ देते. आणि घेतल्यावर एक सवय लावा. संध्याकाळी गोठ्यातलं काम आटोपलं की टॉर्च चार्जिंगला लावायची. लाईट रात्री किती वाजता येईल याचा भरवसा नसतो, बॅटरी मात्र भरलेली असावी.