रहिमतपूरहून इस्तंबूलकडे : एका राजपुत्राच्या कथेचा माग आणि प्रवासाची आखणी

१/ सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे-मिरज लोहमार्गावरचे एक जुने गाव. आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याच्या नावाशी जोडलेली मशीद आणि कबर तेथे आजही उभी आहे. इस्तंबूल पाहण्याचा बेत आखणाऱ्या मराठी इतिहासप्रेमीने आपला प्रवास येथूनच सुरू करावा. त्यामागे एक कथा आहे, आणि त्या कथेत एक मोठी चूक दडलेली आहे.

२/ रणदुल्लाखान हा मुहम्मद आदिलशाहाचा मातब्बर सेनानी. १६३६ साली माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांची निजामशाही वाचवण्याची धडपड संपली, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत मोगलांच्या बरोबरीने तोही होता. पुढे आदिलशाही चाकरीत आलेल्या शहाजीराजांसह त्याने कर्नाटकची मोहीम केली आणि १६३८ मध्ये बंगळूर विजापूरच्या अमलाखाली आले. ज्या घराण्याची त्याने सेवा केली, ते घराणे स्वतःला उस्मानी सुलतानांचे वंशज म्हणवीत असे.

३/ ही कथा फिरिश्त्याने नोंदवली. विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा हा इतिहासकार सांगतो : सुलतान दुसरा मुराद मरण पावला. नव्या सुलतानाने धाकट्या भावाला मारण्याचे ठरवले. आईने दिसायला तसाच दुसरा मुलगा पुढे केला आणि आपला यूसुफ एका व्यापाऱ्याच्या हाती इराणला धाडला. साव्याला वाढलेला हा यूसुफ कोकणात दाभोळ बंदरावर उतरला, बिदरला महमूद गवानाच्या पदरी गेला आणि १४९० च्या सुमारास विजापूरचा धनी झाला.

४/ आता तारखा तपासू. मुराद वारला फेब्रुवारी १४५१ मध्ये, एदिर्नेत. त्या वर्षी इस्तंबूल उस्मानींचे नव्हतेच. तेथे बायझंटाइन सम्राट अकरावा कॉन्स्टन्टाइन राज्य करीत होता. दुसऱ्या मेहमदाने शहर जिंकले ते २९ मे १४५३ रोजी. पुढे कथा सांगणाऱ्यांनी यूसुफाला ‘इस्तंबूलचा राजपुत्र’ करून टाकले. राजपुत्र खरा मानला, तरी ते शहर त्याचे असू शकत नाही.

५/ मग सारेच खोटे का? नाही. गादीवर येताच मेहमदाने आपला तान्हा सावत्र भाऊ अहमद याला मारवले, ही इतिहासाची नोंद आहे. कथेचा गाभा त्या खऱ्या हत्येवर बेतलेला दिसतो. मात्र उस्मानी बखरींत निसटलेल्या यूसुफाचा मागमूस नाही. विजापूरचाच दुसरा लेखक रफीउद्दीन शिराझी यूसुफाचे नाते साव्याच्या अक-कोयुन्लू तुर्कमानांशी जोडतो. अनेक अभ्यासकांना हीच बाजू अधिक पटते.

६/ तरीही अशी कथा का रुजली? बहमनी दरबारात दख्खनी आणि परदेशी सरदारांचा झगडा कायमचा होता. गुलाम म्हणून विकला गेल्याचे ज्याच्याबद्दल सांगत, त्या पुरुषाच्या वंशाला राज्य टिकवण्यासाठी मोठे कूळ हवे होते. कॉन्स्टॅन्टिनोपल घेणाऱ्या सुलतानाचा भाऊ यापेक्षा मोठे कूळ त्या काळी कोणते? वंशावळ पुष्कळदा भूतकाळापेक्षा ती लिहविणाऱ्याची गरज अधिक सांगते.

७/ दख्खन आणि तुर्की मुलूख यांचा खरा, धातूत ओतलेला दुवा वेगळाच आहे. विजापूरच्या तटावरील मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. ‘रूमी’ म्हणजे रूमचा, उस्मानी मुलखातला. जुन्या मराठीतला ‘रूमशाम’ हा शब्द त्याच मुलखाची आठवण ठेवतो. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरास आणली.

८/ म्हणून प्रवासाचा क्रम असा : रहिमतपूर, परांडा, विजापूर आणि मग इस्तंबूल. तेथे पहिला दिवस थिओडोसियसच्या तटबंदीला द्यावा. १४५३ साली मेहमदाच्या तोफांनी याच भिंती फोडल्या. त्यांतील सर्वांत मोठी तोफ ऑर्बन नावाच्या हंगेरियन कारागिराने एदिर्नेत ओतली होती. हार्बिये भागातील लष्करी संग्रहालयात जुन्या तोफा आणि सुवर्णशृंग खाडीच्या तोंडावर ताणलेल्या साखळीचे दुवे पाहता येतात.

९/ दुसरा दिवस पाण्याचा. बॉस्फरसच्या काठावरचे तोफखाने, म्हणजे तोफांची ओतशाळा. मराठी वाचकाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही! तेथून बोटीने रुमेली हिसारकडे जावे. सामुद्रधुनी जेथे सर्वांत अरुंद, सुमारे ७०० मीटर आहे, तेथे मेहमदाने १४५२ मध्ये अवघ्या काही महिन्यांत हा किल्ला उभारला आणि शहराची रसद तोडली.

१०/ तिसऱ्या दिवशी आयासोफिया. ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूच्या घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर. रणदुल्लाखानाच्या धन्याची कबर असलेल्या गोलघुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. विजापूर आधी पाहिलेला प्रवासी इस्तंबुलात मान वर करतो, तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे माप असते. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि आयासोफियात शुक्रवारी दुपारी नमाज असते. दिवस त्याप्रमाणे ठरवावेत. भारतीय पारपत्रधारकाने व्हिसाची सोय आधीच करावी.

११/ आणि यूसुफाचा माग? त्यासाठी इस्तंबूल सोडावे लागते. वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर एदिर्ने आहे. तेथे मुरादाने बांधलेली, १४४७ मध्ये पूर्ण झालेली तीन सज्ज्यांची मशीद उभी आहे. मार्मारा समुद्रापलीकडे बुर्सा येथे मुरादाची कबर आहे. कथेतले घर शोधायचे तर या दोन शहरांत. इस्तंबुलात त्या घराचा एक दगडही नाही.

१२/ इतिहासप्रेमीच्या प्रवासाला नकाशाबरोबर सनावळीही लागते. सनावळी नसेल, तर माणूस चुकीच्या शहरात उभा राहून खऱ्या कथेचा शोध घेत राहतो. परतल्यावर पुन्हा एकदा रहिमतपुरास जावे. त्या कबरीच्या धन्याने ज्या घराण्यासाठी तलवार चालवली, त्याचे कूळ बहुधा एदिर्नेच्या राजवाड्यातले नव्हते. पण त्या घराण्याचे राज्य, त्याच्या तोफा आणि त्याचे घुमट मात्र खरे होते.