परसबागेतील मधुमका : वाण निवडताना शेजारचे शेतही पाहावे

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, भीमा नदीच्या काठी वडगाव रासाई हे गाव आहे. हा परिसर उसाचा आणि दुभत्या जनावरांचा. त्यामुळे वैरणीचा मका येथे ठिकठिकाणी दिसतो. पुण्यात राहणाऱ्या अनेकांची घरे, थोडीफार जमीन अशा गावांत असते. सुटीत येऊन घरामागे मधुमका, म्हणजेच ‘स्वीट कॉर्न’, लावण्याची हौसही असते. उत्तम बियाणे आणून, पाणी वेळेवर देऊनही कणीस मात्र अर्धेमुर्धे पिठूळ निघते, आणि दोष बियाणेविक्रेत्याच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा दोष वाऱ्याचा असतो.

मक्याचे परागीभवन वाऱ्यामार्फत होते. शेंड्यावरील तुऱ्यातून पराग झडतात आणि कणसाच्या केसांवर पडतात. प्रत्येक केस एका दाण्याशी जोडलेला असतो. गोडवा देणारा गुणधर्म अप्रभावी असल्याने तो मातृ व पितृ अशा दोन्ही बाजूंनी आल्याखेरीज दाणा गोड होत नाही. साहजिकच वैरणीच्या मक्याचा पराग ज्या केसावर पडेल, त्याचा दाणा त्याच हंगामात, त्याच कणसात पिठूळ होतो.

यावर उपाय दोन, अंतर किंवा वेळ. परसबागेत शे-दीडशे मीटरचे अंतर राखणे क्वचितच शक्य असते. म्हणून शेजाऱ्याने वैरण कधी पेरली, याची आधी चौकशी करावी. वैरणीसाठी सर्रास लावला जाणारा ‘आफ्रिकन टॉल’ हा वाण मधुमक्यापेक्षा उशिरा तुऱ्यावर येतो. त्यामुळे नुसत्या पेरणीच्या तारखा ताडून भागत नाही. दोन्ही पिकांच्या फुलोऱ्यात किमान दोन ते तीन आठवड्यांचे अंतर पडेल, असा हिशेब करावा.

वाणांमध्ये मुख्य भेद गोडव्याच्या प्रकाराचा आहे. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात साखरेचे पिष्टात रूपांतर झपाट्याने होते. कणीस ३० अंश तापमानात ठेवले, तर एका दिवसात निम्म्याच्या आसपास साखर नाहीशी होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी १९५० च्या दशकात आकसलेल्या दाण्याच्या मक्याचा गोडवा लक्षात आणून दिला आणि त्यातून ‘अतिगोड’ वाण पुढे आले. त्यांचा गोडवा काही दिवस टिकतो. मात्र बियाणे सुरकुतलेले, हलके असल्याने गार किंवा अति ओल्या जमिनीत ते उगवण्यापूर्वीच कुजते.

हैदराबाद येथे विकसित झालेले ‘माधुरी’ व ‘प्रिया’ हे संमिश्र वाण आहेत. बाजारात ‘शुगर-७५’ सारखे संकरित वाणही मिळतात. संमिश्र वाणाचे बी घरी धरता येते, असे सांगितले जाते. तत्त्वतः ते खरेच. पण सभोवती वैरणीचा मका असताना ते बी शुद्ध राहत नाही. थोड्या लागवडीसाठी दर वेळी नवे संकरित बियाणे घेणेच आमच्या मते शहाणपणाचे. औषध लावलेले रंगीत बी हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

लागवड एका लांब ओळीत, कुंपणालगत करण्याची चूक फार आढळते. अशा ओळीतले पराग वाऱ्याबरोबर बाहेर जातात आणि कणसे बोडकी राहतात. त्याऐवजी चार आखूड ओळींचा चौकोन करावा. दोन ओळींत ६० आणि दोन रोपांत २५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास सहा चौरस मीटरमध्ये ४० रोपे बसतात. रोपामागे एक चांगले कणीस धरावे. बी तीन सेंटिमीटरपेक्षा खोल टोकू नये. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत वरंब्यावरच लावावे, कारण साचलेले पाणी मक्याला सोसत नाही. जून-जुलै हा हंगाम सोयीचा. उन्हाळी पिकासाठी कडाक्याची थंडी ओसरताच पेरावे. एप्रिलच्या कोरड्या उन्हात फुलोरा सापडला, तर पराग सुकतात.

भरपूर शेणखत, महिन्याने नत्राचा हप्ता आणि मातीची भर एवढे खताचे पुरे. खरा शत्रू अमेरिकन लष्करी अळी. २०१८ मध्ये ती प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. दर दोन दिवसांनी पोंगे तपासून अंडीपुंज व अळ्या वेचाव्यात, आणि सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. चाळीस रोपांना एवढे लक्ष देणे घरच्या माणसांना सहज जमते.

केस बाहेर पडल्यानंतर साधारण २० दिवसांनी ते तपकिरी होऊन सुकतात. दाण्याला नख लावून पाहावे. पाण्यासारखा रस आल्यास दोन-तीन दिवस थांबावे. दुधासारखा आल्यास त्याच सकाळी कणीस काढावे. चुलीवर आधण ठेवूनच बागेत जावे.