गावाच्या दप्तरातील सोनेरी पान : लोकसेवकांच्या सन्मानाची परंपरा

देवळाचा जीर्णोद्धार पुरा होत आला म्हणजे गावकऱ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक म्हणजे कळस कोणत्या मुहूर्तावर चढवायचा, आणि दुसरा म्हणजे दर्शनी भागी बसवायच्या फरशीवर कोणाकोणाची नावे घालायची. पहिला प्रश्न पंचांग पाहून सुटतो. दुसरा मात्र इतक्या सहजी सुटत नाही. देणगीची पावती असते, रक्कम असते, तारीख असते. त्यामुळे देणगीदारांची यादी करणे सोपे. परंतु ज्याने सहा महिने बैलगाडीने दगड वाहिले, ज्या बायाबापड्यांनी डोक्यावरून पाणी आणले, ज्याने पदरची भाकरी खाऊन कामावर देखरेख केली, त्यांची पावती कोणत्या पुस्तकात फाडलेली असते? गावासाठी झिजलेल्या माणसांचा सन्मान आपल्या महाराष्ट्रात पूर्वीपासून कसा होत आला, हे या निमित्ताने पाहणे अगत्याचे आहे.

ही परंपरा फार जुनी आहे. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृह सुमारे 1900 ते 2000 वर्षांपूर्वी कोरले गेले. वैजयंती नगरीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी, म्हणजे धनिक सावकार, याने ते पूर्णत्वास नेले असे तेथील लेख सांगतो. जंबुद्वीपात याहून उत्तम असे दुसरे शैलगृह नाही, असा अभिमानही त्यात व्यक्त झाला आहे. धनिकाचे नाव कोरले जाणे यात नवल नाही. नवल पुढेच आहे. त्याच लेण्याच्या दारावर धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याचे, म्हणजे अत्तरे व सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, नाव दान देणारा म्हणून आहे. आणि तेथेच सामी नावाच्या सुताराचेही नाव, बापाच्या नावासह, ते काम करणारा म्हणून कोरलेले आहे. पैसा देणारा आणि हात चालवणारा असे दोघेही एकाच दगडावर आले. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांत एका माळ्याच्या दानाची नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा, म्हणजे त्या त्या धंद्याच्या संघांचा, उल्लेख आहे. त्या काळच्या लोकांनी नावे घालताना माणसाची ऐपत पाहिली नाही, काम पाहिले.

नाशिकच्या पांडवलेण्यातील एक लेख तर दप्तराचे काम करणाऱ्या कोणालाही विचार करावयास लावील असा आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर गरजांसाठी 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांतील 2000 विणकऱ्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 या व्याजाने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. हे सर्व नगराच्या सभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवले, असे त्या लेखात स्पष्ट म्हटले आहे. चार लोकांसमोर वाचणे आणि लिहून ठेवणे, ही सन्मानाची दोन अंगे सुमारे 1900 वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात ठरून गेली होती. आजच्या ग्रामसभेतील ठराव आणि इतिवृत्त यांचे मूळ इतके खोल आहे.

पुढच्या काळात गावोगावी वीरगळ उभे राहिले. गावाची गुरे वळवून नेणाऱ्यांशी किंवा चाल करून आलेल्या शत्रूशी लढताना जो पडला, त्याच्या स्मरणार्थ गावाने दगड उभा केला. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी चंद्रसूर्य, असे त्याचे रूप बहुतेक ठिकाणी आढळते. चंद्रसूर्य असेतोपर्यंत ही कीर्ती टिकावी, हा त्यामागील भाव. परंतु दुर्दैव असे की महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. गावाने दगड उभा केला, शेंदूर लावला, पण नाव लिहिले नाही. आणि दोनचार पिढ्यांत तो वीर कोण होता हे सांगणारे कोणी उरले नाही. आज कित्येक वीरगळ पडक्या देवळांच्या आवारात उपडे पडलेले दिसतात, कोठे कोठे त्यांवर धुणेही धुतले जाते. कृतज्ञता होती, पण नोंद नव्हती, त्याचे हे फळ.

याउलट रायगडावर पाहावे. श्रीजगदीश्वराच्या देवळाजवळील शिलालेखात शके 1596 चा उल्लेख असून, महाराजांच्या आज्ञेने हिरोजीने ही बांधकामे उभी केली असे त्यात नोंदले आहे. आणि देवळाच्या पायरीवर, सेवेस सदैव तत्पर अशा अर्थाचे चार शब्द आणि हिरोजीचे नाव, एवढाच दुसरा लहानसा लेख आहे. काम पुरे झाल्यावर महाराजांनी बक्षीस विचारले असता हिरोजीने जहागीर न मागता पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली, अशी कथा लोक सांगतात. ही कथा कोणी मानो वा न मानो, पायरी आजही आहे आणि अक्षरेही आहेत. एवढा मोठा गड ज्याच्या देखरेखीखाली उभा राहिला, त्याने स्वतःला सेवक म्हणवले आणि आपली जागा पायरीवर ठरवली, यातच त्याचे मोठेपण दिसून येते.

पायरीचा विषय निघाला की पंढरपूरचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. संत चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून त्याखाली गेले आणि संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. गावाच्या रक्षणासाठी भिंत बांधणारा माणूस जिवंतपणी देवळाच्या आत जाऊ शकला नाही. नामदेवांनी त्यांचा मान त्यांना दिला, परंतु त्यांच्या समाजबांधवांना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार खुले होण्यासाठी 1947 साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सेवा करून घ्यायची आणि मान द्यायचा नाही, ही चूक गावांकडून शतकानुशतके घडली, हे मान्य केले पाहिजे.

मध्यंतरी मानाचा अर्थच बदलून गेला होता. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाला, हे सारे वतनावरून ठरू लागले. वतनदारांतही गावासाठी राबलेली माणसे होती, याबद्दल शंका नाही. पण मान मिळे तो जन्माने, कामाने नव्हे. आणि त्या मानपानावरून भांडणे होत, खटले चालत, पिढ्यान्पिढ्यांचे वैर राही. स्वातंत्र्यानंतर वतने रद्द झाली. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वतनी पदही गेले. तेव्हापासून गावात मान कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न खऱ्या अर्थाने गावाच्या हाती आला.

इंग्रजी अमलात रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्या सरकारातून मिळत. त्याच काळातील महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र या बाबतीत बोधप्रद आहे. मुलींसाठी व अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा काढल्याबद्दल 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे 1868 साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद सर्वांना खुला केला. आणि 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात भरलेल्या सभेत, रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते, जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. देणारे स्वतः सरकारी पदवीचे मानकरी होते, पण त्या दिवशी ते लोकांच्या वतीने उभे होते. सरकारची शालजोडी आज फारशी कोणास ठाऊक नाही. लोकांनी दिलेला शब्द मात्र त्यांच्या नावापासून वेगळा करता येत नाही.

सन्मानाला उशीर कसा होतो, याचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आहे. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते खचले नाहीत. स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी सारे आयुष्य वेचले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. बहिष्कार आणि भारतरत्न यांत 65 वर्षांचे अंतर आहे. सर्वांनाच शंभर वर्षांचे आयुष्य लाभत नाही. म्हणून माणूस हयात असतानाच त्याची कदर झालेली बरी.

काही माणसे मानाच्या पलीकडची असतात. संत गाडगेबाबा (1876–1956) गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. आधी रस्ते झाडत आणि मग रात्री कीर्तनात लोकांच्या मनातील केर काढीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. ज्या पंढरपुरात चोखोबा दाराबाहेर राहिले, त्याच पंढरपुरात बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाने शासनाने 2000–01 पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात बक्षीस एका माणसाला नव्हे, तर सबंध गावाला मिळते. बाबांचा सन्मान करण्याची याहून योग्य रीत सापडणे कठीण.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवली. मुलांच्या जेवणासाठी पैसा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही राखले नाही. भाऊरावांना 1959 साली पद्मभूषण मिळाले. लक्ष्मीबाई 1930 सालीच गेल्या होत्या, त्यांना कोणताही किताब मिळाला नाही. पण रयतच्या कोणत्याही समारंभात त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घेतले जाते. घरातील बाईच्या त्यागाची नोंद घेण्यात आपली गावे आजवर कमी पडत आली. 2023 साली शासनाने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ग्रामपंचायतवार कर्तबगार महिलांना पुरस्कार देण्याचे ठरवले, हे त्या दृष्टीने योग्य पाऊल होय.

देशाच्या राज्यघटनेने अनुच्छेद 18 अन्वये किताबांची पद्धत बंद केली. 1954 साली सुरू झालेले भारतरत्न व पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, ते नावामागे किंवा पुढे लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली स्पष्ट केले. यातील तत्त्व गावानेही ध्यानात घ्यावे असे आहे. सन्मान हा मिरवण्याचा अलंकार नव्हे, ती कामाची पोच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जतन केल्याबद्दल, आणि हिवरे बाजारच्या पोपटराव पवार यांना गावकऱ्यांच्या साथीने दुष्काळी गाव पाणीदार केल्याबद्दल, 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. राहीबाईंना शाळा लाभली नव्हती. बियाण्यांची पारख हीच त्यांची विद्या. पद्म पुरस्कारासाठी कोणाही नागरिकाला दुसऱ्याची शिफारस करता येते. मात्र शिफारस करावयाची तर त्या माणसाने केव्हा, काय आणि किती केले, हे लिहून द्यावे लागते. गावाने नोंदच ठेवली नसेल तर लिहिणार काय?

म्हणून जीर्णोद्धाराच्या निमित्ताने प्रत्येक गावाने दोन गोष्टी कराव्यात. देणगीदारांच्या यादीशेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत, श्रमदान करणाऱ्यांची यादी लावावी. गवंडी, सुतार, लोहार, पाथरवट, पाणक्ये, स्वयंपाक करणाऱ्या माउल्या, सारे त्यात यावेत. दुसरे असे की ग्रामपंचायतीत किंवा देवस्थानाच्या दप्तरात एक वही ठेवावी. गावच्या उपयोगी पडलेल्या स्त्रीपुरुषांचे नाव, काम आणि साल तीत लिहावे आणि वर्षातून एकदा, उत्सवाच्या दिवशी, सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. या कामाला हार, नारळ, शाल यांचा खर्चही लागत नाही. नाशिकच्या लेण्यातील लोकांनी हेच केले होते.

वीरगळावर नाव न लिहिल्याने वीर हरवला आणि दारावर नाव लिहिल्याने सामी सुतार सुमारे दोन हजार वर्षे टिकला. या दोहोंतून काय घ्यायचे, ते सुज्ञ ग्रामस्थांस वेगळे सांगणे नलगे. ज्यांच्या घामाने हे देवालय पुन्हा उभे राहिले, त्या ज्ञात आणि अज्ञात सर्व सेवेकऱ्यांस सादर वंदन.