मंचावरची नॅनो, रस्त्यावरची नॅनो

दिल्लीच्या प्रगती मैदानावर १० जानेवारी २००८ रोजी ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटा यांनी स्वतः चालवीत एक चिमुकली मोटार मंचावर आणली, तेव्हा टाटा मोटर्सच्या दालनात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. देशोदेशींचे पत्रकार छायाचित्रांसाठी एकमेकांना रेटत होते. त्यापुढील दिवसांत सर्वसामान्य प्रेक्षकांची रीघ लागली ती याच दालनाकडे. मोटार होती नॅनो आणि तिची जाहीर किंमत होती एक लाख रुपये. अर्थात कर आणि वाहतूकखर्च वगळून. हे शेवटचे चार शब्द त्या गर्दीत फारसे कोणाच्या कानी पडले नसावेत.

मोटारींच्या प्रदर्शनात जे दिसते ते बहुधा विक्रीला येत नाही, हा जाणकारांचा नेहमीचा अनुभव. मारुती सुझुकीने २०१० मध्ये 'आर थ्री' या नावाने मांडलेली संकल्पना मोटार दोन वर्षांनी 'एर्टिगा' होऊन रस्त्यावर आली, ती बरीच सौम्य रूप घेऊन. टाटांनी २००० साली दाखविलेली 'आरिया' ही दोन आसनांची देखणी मोटार कधी आलीच नाही. तिचे नाव तेवढे २०१० मध्ये एका भल्यामोठ्या कौटुंबिक गाडीला मिळाले. नॅनोचे तसे नव्हते. मंचावर दिसली, जवळपास तशीच ती विकली गेली. तरीही तिच्याविषयी त्या दिवशी बांधलेले बहुतेक अंदाज चुकले.

एक लाखाचा आकडाही एका मोटार प्रदर्शनातच जन्मला होता. २००३ मध्ये जिनिव्हा येथे 'फायनान्शियल टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत टाटांनी स्वस्त मोटारीची कल्पना बोलून दाखविली. वृत्तपत्राने ती किमतीसह छापली आणि खुलासा करण्याऐवजी टाटांनी तोच आकडा उद्दिष्ट म्हणून स्वीकारला. मूळ प्रेरणा मात्र घरची होती. पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब! हे दृश्य पुणे-मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. 'दिलेला शब्द तो दिलेला शब्द', असे टाटा त्या दिवशी मंचावरून म्हणाले, त्याला ही पार्श्वभूमी होती.

पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने हा शब्द कसा पाळला, ते दालनात बारकाईने पाहणाऱ्यास उमगत होते. लांबी जेमतेम ३.१ मीटर. दोन सिलिंडरचे, सुमारे ६२४ सीसीचे आणि ३३ अश्वशक्तीचे इंजिन मागच्या आसनाखाली दडविलेले. त्यामुळे बाहेरून मारुती ८०० पेक्षा आठ टक्के लहान असलेल्या या मोटारीत आतली जागा मात्र तिच्याहून २१ टक्के अधिक होती. सहा फुटी माणूस मागे बसला तरी गुडघे आखडावे लागत नव्हते, आणि प्रेक्षकांना सर्वाधिक अचंबा वाटला तो याचाच. काटकसरीच्या खुणाही लपविलेल्या नव्हत्या. वायपर एकच, प्रत्येक चाकाला तीनच नट, साध्या प्रकारात आरसा फक्त चालकाच्या बाजूला. पेट्रोल भरण्यासाठी पुढचे बॉनेट उघडावे लागे. मागचा दरवाजा दिसायला दरवाजा होता, पण उघडत नव्हता. ती सोय २०१५ च्या आवृत्तीत आली. स्वस्त वस्तू केविलवाणी दिसू नये, याची घेतलेली काळजी मात्र वाखाणण्याजोगी होती.

दालनात न दिसणाऱ्या गोष्टींनी पुढे घात केला. सिंगूर येथील भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनामुळे टाटांनी ३ ऑक्टोबर २००८ रोजी पश्चिम बंगालमधून माघार घेतली. गुजरातेतील साणंदचा कारखाना सुरू होईपर्यंत २०१० चा जून उजाडला. दरम्यान मार्च २००९ मध्ये मुंबईत मोटार विक्रीस खुली झाली, सुमारे दोन लाख जणांनी आगाऊ नोंदणी केली आणि पहिल्या लाखभरांची निवड सोडतीने झाली. म्हणजे उत्साह होता तेव्हा मोटारी नव्हत्या. मोटारी तयार होऊ लागल्या, तेव्हा काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या येत होत्या आणि किंमतही लाखाच्या बरीच पुढे सरकली होती.

न दिसणारी दुसरी गोष्ट अधिक गंभीर. स्कूटरवरच्या कुटुंबाला सुरक्षित प्रवास मिळावा, हा या मोटारीचा मूळ हेतू. पण जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप'ने ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या धडक चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. त्या वेळी तपासलेल्या अन्य चार भारतीय मोटारींची गतही तीच झाली, हे न्यायाला धरून नमूद केले पाहिजे. स्कूटरपेक्षा नॅनो सुरक्षित, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण सांगाडा किती टणक आहे, हे चकचकीत रंगावर हात फिरवून कळत नाही. याच कंपनीच्या 'नेक्सॉन'ने डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळविले, तेव्हा ग्राहकही दालनात ताऱ्यांची चौकशी करू लागले होते.

विक्रीचे गणित तर साफच कोलमडले. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची. सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, विकल्या गेल्या सुमारे ७४ हजार. जगातील सर्वांत स्वस्त मोटार, हे बिरूद प्रदर्शनात टाळ्या घेऊन गेले, पण सोसायटीच्या आवारात ते कोणाला नको होते. मोटार ही शेजाऱ्यांना दाखविण्याची वस्तूही असते. ही जाहिरात चुकली, अशी कबुली पुढे रतन टाटांनीच दिली. जून २०१८ मध्ये साणंदला महिन्याभरात एकच नॅनो तयार झाली.